अर्ध्या आपिसाईचा माहितीपट

"अहो, भांडं उकळतंय. झाकण काढा जरा!"

आपिसाई स्वयंपाकघरातल्या चटईवर पालथा पडला होता. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याला कॅमेरा लावलेला आणि कॅमेऱ्याचं तोंड नारळाच्या दुधात शिजणाऱ्या अळूकडे.

"थांब गं. मी वातावरण टिपतोय."

"ते वातावरण उतू चाललंय!" त्याची बायको उनाइसी अंगणातून ओरडली. तोवर वातावरण चुलीत सांडलं होतं. घरातून असा धूर निघाला की शेजारच्या कोंबड्यांनी संध्याकाळ झाली असं समजून भर दुपारी झाडावर जागा धरल्या.

कॅमेरा सिडनीहून लेकीनं पाठवलेला. सोबत तीन पायांचा स्टँड होता आणि मांजराच्या शेपटासारखा केसाळ माइक. कॅमेरा बोटीतून उतरला त्या दिवसापासून आपिसाई रोज चर्चमागच्या टेकडीवर चढून, फोन आभाळाकडे धरून, माहितीपट कसा काढायचा याचे धडे बघत होता. धडे देणारा पोरगा कुठल्या देशाचा होता कोण जाणे, पण त्याचं एक वाक्य आपिसाईच्या मनात घर करून बसलं होतं: "आधी योजना करा. विषय ठरवा. मग माणसांना भेटा आणि मोकळेपणानं प्रश्न विचारा."

विषय तर समोरच पसरला होता. जुने सरदार वारले तेव्हापासून नालोमा गावासमोरचा समुद्र बंद होता. पाण्यात रोवलेल्या खांबांना झावळ्या बांधल्या होत्या, आणि त्या खांबांच्या आत कुणी खेकड्यालाही हात लावला नव्हता. मासे इतके निर्ढावले होते की भरतीला काठाशी येऊन माणसं बघत बसायचे. आता समुद्र उघडायचा दिवस जवळ आला होता. अख्खा गाव वेलींचा लांबलचक दोर धरून पाण्यात उतरणार, कडं करणार, कडं आवळत मासे काठाशी आणणार. असा दिवस सरदार मेल्याशिवाय येत नाही. आणि आमचे नवे सरदार तब्येतीनं असे ठणठणीत होते की आपिसाईच्या हयातीत पुन्हा तो दिवस येण्याची आशा नव्हती.

अडचण एकच होती. गावात आपिसाईला सगळे 'अर्धा' म्हणायचे. त्याच्या अंगणात नीरफणसाखाली अर्धी होडी होती. घराच्या अर्ध्या भागावर पत्रे होते, अर्ध्यावर झावळ्या. एकदा तो प्रांताच्या शर्यतीत धावला होता, तर अर्ध्या वाटेवरून अनवाणी परत आला. का, ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. नाव इतकं चपखल बसलं होतं की कारणाची गरजच उरली नव्हती.

रिवाजाप्रमाणे यंगोनाची, म्हणजे सभेत जिचं पेय पितात ती मुळी घेऊन तो सरदारांपुढे गेला, मुळी ठेवली, मान खाली घालून म्हणाला, "समुद्र उघडायच्या दिवसाची फिल्म काढायची परवानगी द्या."

सरदारांनी मुळीला हात लावला, म्हणजे ती स्वीकारली. ओंजळीच्या टाळ्या झाल्या. "काढ," सरदार म्हणाले. "त्याच संध्याकाळी, जेवणानंतर, पाहुण्यांसमोर दाखव."

मागून हळूच आवाज आला, "अख्खी का अर्धी?"

तो आवाज कालिओवाचा, म्हणजे उनाइसीच्या भावाचा. मेव्हण्याची टिंगल करणं हे आमच्याकडे मेव्हण्याचं कामच आहे. तो थट्टा करेना तर लोक विचारतात, बरं नाही का? सभा हसली. सरदारांची मिशीसुद्धा हलली.

आपिसाईचे कान तापले. "अख्खी!" तो म्हणाला. "अख्खी दाखवली नाही, तर यापुढे सभेतसुद्धा मला अर्धा म्हणूनच पुकारा. चर्चमध्येसुद्धा!"

सभेत बोललेला शब्द परत घेता येत नाही. उनाइसीनं घरी आल्यावर डोक्याला हात लावला. "चर्चमध्ये कशाला म्हणालात? आता मी काय, अर्ध्याची बायको म्हणून पुढच्या बाकावर बसू?"

दुसऱ्या दिवशी आपिसाई माणसांना मोकळेपणानं प्रश्न विचारायला बाहेर पडला, आणि त्याच्या लक्षात आलं की धडे देणाऱ्या त्या पोराला नातेवाईक नसावेत.

पहिल्यांदा तो गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे गेला. आता वडीलधाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. म्हणून त्यानं कॅमेरा लावला, दाराशी मान खाली घालून बसला, आणि म्हातारबाबा आपण होऊन कधी बोलतायत याची वाट बघत राहिला. म्हातारबाबांना वाटलं, पोरगं दुःखात आहे. त्याच्या दुःखाचा मान राखून तेही गप्प बसले आणि थोड्या वेळानं घोरू लागले. ते सगळं कॅमेऱ्यात आलं. मध्ये एकदा नाकावर माशी बसली, तेवढीच घटना.

मग कालिओवा. तो नवा शर्ट घालून, केसांना नारळाचं तेल चोपडून आला.

"नाव सांग."

"कालिओवा. पण मासे मला साहेब म्हणतात."

"नीट सांग रे. मागे समुद्र उघडला तेव्हाचं काही आठवतं?"

"आठवतं म्हणजे काय! मी तेव्हा एवढासा होतो. मी शिट्टी वाजवली. मासे रांगेनं बाहेर आले, लहान पुढे, मोठे मागे. शेवटी देवमासा. तो चर्चच्या पायरीपर्यंत आला होता. पाद्रीबाबांनी परत पाठवला."

"का?"

"शर्ट घातला नव्हता त्यानं."

"कालिओवा, हे पाहुण्यांना दाखवायचंय!"

"मग दाखव की. पाहुण्यांच्या गावात असा देवमासा आला होता का विचार त्यांना."

"दोराबद्दल तरी खरं सांग."

"दोर लांब असतो," कालिओवा गंभीर होऊन म्हणाला, "तुझ्या अकलेपेक्षा."

गावात ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "आम्हाला काय माहीत? तोरिकाला विचार." दोर कसा विणायचा, पाण्यात आधी कोण उतरतं, कुठलं गाणं म्हणतात, सगळं म्हाताऱ्या आजीकडून तोरिकानं ऐकलेलं. नवऱ्यामागे ती माहेरी परत आली होती आणि तिचं घर आपिसाईच्या घरापासून एका नीरफणसाच्या सावलीएवढ्या अंतरावर होतं.

पण तोरिका आपिसाईची सख्खी धाकटी बहीण. आणि बहीण-भाऊ मोठे झाले की आमच्याकडे बोलणं संपतं. भांडण नाही, रुसवा नाही, मानच तो. एक दारातून आत आलं की दुसऱ्यानं खिडकीशी जायचं. पन्नासेक वर्षं दोघांनी हा मान इतका चोख पाळला होता की आपिसाईला बहीण कशी हसते हे फक्त भिंतीपलीकडून माहीत होतं.

"मध्ये कॅमेरा ठेवला तर?" आपिसाई उनाइसीला म्हणाला. "मी कॅमेऱ्याशी बोलीन. ती कॅमेऱ्याशी बोलेल."

"आणि उद्या मध्ये बादली ठेवून बोला. द्या इकडे तो कॅमेरा. मी विचारते."

उनाइसी गेली आणि हसून हसून डोळे पुसत परत आली. नणंद-भावजयीचं नातं तर मेव्हण्यांच्याही वरताण थट्टेचं. आपिसाईनं चित्रण लावून बघितलं. पडद्यावर दोघी एकमेकींच्या दंडावर चापट्या मारत होत्या.

"वहिनी, माझा भाऊ अजून झोपेत गातो का गं?"

"गातो कसला! दुसरं कडवं येतच नाही. अर्ध्यावरच घोरतो."

"समुद्राचं विचारायला आली होतीस ना?"

"अगं हो! समुद्र कसा आहे?"

"ओला आहे."

आणि मग तासभर हसणं. आपिसाईनं कॅमेरा बंद केला.

उरला एतुआते. तोरिकाचा मुलगा, खाडीपलीकडच्या गावात बापाच्या घरी राहायचा. रग्बी खेळून खेळून मान खांद्यात रुतलेली, दारातून आत यायचं तर तिरकं व्हावं लागे. मुलगा आईला काहीही विचारू शकतो. पण एतुआते भाचा होता, आणि भाच्यानं मामाच्या घरातली वस्तू उचलली की ती त्याची. मामानं हसतमुखानं "घेऊन जा बाळा" म्हणायचं. चेहरा पाडणं हासुद्धा बहिणीचा अपमान. म्हणून एतुआतेची होडी खाडीत दिसली की उनाइसी आधी चांगल्या कढया लपवायची.

"मामा, विचारतो की आईला! त्यात काय!" एतुआते म्हणाला, आणि त्याची नजर स्टँडवर पडली. "मामा, हा तीन पायांचा कोण?"

"कॅमेऱ्याला उभं राहायला."

"आमच्या गावात फळ्याला उभं राहायला असंच काहीतरी लागत होतं. सामन्याचे गुण लिहायला."

"घेऊन जा बाळा," आपिसाई म्हणाला. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, जसं ओहोटीला मासोळीचं पिल्लू वाळूत राहतं.

एतुआते कॅमेरा घेऊन आईसमोर बसला. आपिसाई घरामागे, भिंतीला कान लावून.

"आई, समुद्राबद्दल सांग."

"जेवलास का?"

"हो. समुद्र..."

"काय जेवलास? गळा बघ कसा बारीक झालाय. लग्नाचं काय केलंस?"

"आई, मी प्रश्न विचारतोय!"

"मग दे की उत्तर!"

घटकाभर हेच चाललं. एतुआते घाम पुसत बाहेर आला. "मामा, मला सराव पाहिजे. कॅमेरा आणि हा केसाळ माइक घेऊन जातो. आठवडाभर आमच्या पोरांच्या मुलाखती घेतो. हात बसला की आईकडे येतो."

आपिसाईचं तोंड उघडलं. आत 'नको' तयार होता. पण भिंतीपलीकडे बहीण होती.

"घेऊन जा बाळा," तो म्हणाला.

आठवडा गेला, एतुआते आला नाही. सरदारांनी दिवस जाहीर केला. पहाटेपासून गाव काठावर जमला. वेलींचा दोर एखाद्या झोपलेल्या अजगरासारखा वाळूत पडला होता. खड्ड्यातल्या भट्ट्यांमध्ये दगड तापत होते. आणि खाडीपलीकडून पाहुण्यांच्या होड्या आल्या, त्यात पुढच्याच होडीत एतुआते. गळ्यात कॅमेरा. लाल दिवा सुरू. तो मन लावून आपल्या संघातल्या पोरांचे दंड चित्रित करत होता.

आपिसाई त्याच्या अवतीभवती तीनदा फिरला. "कॅमेरा बरा चालतोय ना?"

"झकास, मामा!"

यापलीकडे बोलायची सोय नव्हती. दिलेली वस्तू भाच्याकडून परत मागणं म्हणजे बहिणीच्या मुलाला चोर म्हणण्यासारखं. आपिसाई झाडामागे जाऊन बसला. कालिओवा दुरून ओरडला, "काय अर्ध्या, आज काय चित्रित करतोयस? स्वतःची पाठ?"

उनाइसी त्याच्या शेजारी येऊन बसली. थोडा वेळ ती एतुआतेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही त्याचे मामा. बरोबर?"

"दुर्दैवानं."

"आणि तो कुणाचा मामा आहे?"

आपिसाईनं हळूहळू मान वर केली.

एतुआतेची बहीण नाडी शहरातल्या हॉटेलात कामाला होती आणि तिची तीन वर्षांची लेक, लेंदुआ, आजीकडे म्हणजे तोरिकाकडेच वाढत होती. म्हणजे जो हक्क एतुआतेचा आपिसाईवर, तोच हक्क त्या चिमुरडीचा एतुआतेवर! आपिसाईला त्या क्षणी बायकोच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाहुणे बघत होते.

उनाइसीनं लेंदुआला उचललं, हातात उसाचं कांडं दिलं आणि कानात सांगितलं, "मामाकडे जा. गळ्यातलं ते काळं माग. ते मला आणून दिलंस की असा मोठ्ठा ऊस."

लेंदुआ दुडूदुडू गेली. एतुआते भाचीला बघून विरघळला. तिनं आधी त्याची टोपी घेतली. मग शिट्टी घेतली. मग त्याच्या तोंडात निम्मं गेलेलं केळं घेतलं. आणि मग बोट वर करून म्हणाली, "ते."

भर काठावर, साऱ्या गावासमोर एतुआतेच्या कपाळावर घाम आला. त्यानं आजूबाजूला बघितलं. सगळे मामा लोक छाती काढून त्याच्याकडे बघत होते.

"घेऊन जा... बाळा," एतुआते म्हणाला.

आपिसाईनं झाडामागे दोन्ही मुठी हवेत उडवल्या आणि हात पसरून पुढे आला. लेंदुआनं कॅमेरा गळ्यात घातला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. तिनं आपिसाईच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं, उनाइसीच्या हातातल्या उसाकडे बघितलं, सगळ्याचा विचार केला, आणि वळून सरळ आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

संपलं. तोरिकाची मांडी ही या पृथ्वीवरची एकच जागा, जिथे आपिसाई जाऊ शकत नव्हता. उनाइसी गेली, तर लेंदुआनं कॅमेरा पोटाशी धरून असं भोकाड पसरलं की झाडावरची वटवाघळं दिवसा उडाली.

तेवढ्यात शंख वाजला. गाव पाण्यात उतरला. गाणी, आरडाओरडा, कडं आवळत आलं, पाणी चांदीसारखं उसळायला लागलं. असा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. आपिसाईनं दोर धरला होता, पण त्याची मान सारखी मागे वळत होती. झाडाखाली तोरिका, तिच्या मांडीवर लेंदुआ, तिच्या पोटाशी कॅमेरा, आणि त्याचा तो लाल दिवा. कधी पोरगी उठून माशांच्या टोपल्यांकडे पळायची, कधी परत मांडीवर.

संध्याकाळी पोरगी पेंगली तेव्हा उनाइसीनं कॅमेरा हळूच सोडवून आणला. बघायला वेळ नव्हता. पाहुणे जेवून चटयांवर रेलले होते, शाळेचा प्रोजेक्टर जनरेटरला जोडला होता, आणि उनाइसीनं पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली, लेकीनं पाठवलेली पांढरीशुभ्र चादर दोन माडांमध्ये ताणली होती. पुढे सरदार आणि पुरुष. तोरिका मात्र रिवाजाप्रमाणे भावासमोर यायला नको म्हणून लेंदुआला घेऊन चादरीच्या मागच्या बाजूला बसली. चित्र मागूनही दिसतं, फक्त उलटं.

"सुरू कर," सरदार म्हणाले.

चादरीवर पहिल्यांदा दंड आले. मग आभाळ गरगर फिरलं. मग पाय. नुसते पाय. ओले, वाळूचे, भेगांचे. एक कुत्रं आलं, त्यानं भिंग चाटलं, आणि सगळ्यांना कुत्र्याचा घसा दिसला. कुणीतरी खुदकन हसलं. आपिसाईनं चेहरा गुडघ्यात घातला. "पुकारा," तो पुटपुटला, "उद्यापासून पुकारा."

मग पडद्यावर कालिओवाचे पाय घाईघाईनं पाण्यातून बाहेर आले. त्याचा कमरेला गुंडाळायचा सुलू मात्र पाण्यातच राहिला होता. कॅमेरा तीन वर्षांच्या मुलीच्या उंचीवर होता. सरदार इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"देवमासा परत आला रे!" कुणीतरी ओरडलं. कालिओवानं चटईचं टोक डोक्यावर ओढून घेतलं.

आणि मग चित्र स्थिर झालं. लेंदुआ मांडीवर बसली होती. भिंगासमोर फक्त तोरिकाच्या पायाचा अंगठा आणि मागे दूर चमकणारं पाणी. आवाज मात्र स्वच्छ होता. नातीला सांगते तसा.

"तो दोर बघ, बाळा. विणताना भांडायचं नाही. भांडण वेलीत शिरतं, मासा ते ऐकतो आणि बाहेरच्या समुद्रात निघून जातो. म्हणून विणताना गायचं. थांब, गाऊन दाखवते." आणि तिनं ते गाणं गायलं. सगळं. गावातल्या कुणालाच शेवटची कडवी येत नव्हती. मग पाण्यात आधी कोण उतरतं आणि का, पहिला मासा कुणाच्या घरी जातो, आजीनं काय सांगितलं होतं. जे जे आपिसाईला विचारायचं होतं ते ते, न विचारता. म्हातारबाबा घोरायचे थांबले. पाहुण्यांनी चटयांवरून पाठ उचलली.

"आणि तो बघ," पडद्यावरचा आवाज म्हणाला, "दोराकडे बघायचं सोडून सारखा मागे बघतोय तो. तो माझा दादा."

आपिसाईनं गुडघ्यातून डोकं काढलं.

"गाव त्याला अर्धा म्हणतो. गावाला काय ठाऊक! त्याची होडी अर्धी, कारण फळ्या तुझा एतुआते मामा घेऊन आला, माझ्या घराला जमीन करायला. त्याचे पत्रे अर्धे, कारण बाकीचे माझ्या डोक्यावर आहेत. शर्यतीत एतुआतेनं वाटेत बूट मागितले, तेही यानं काढून दिले. मला कळायचं तेव्हा वस्तू घरात आलेली असायची. नको म्हणायचं तर त्याच्याशी बोलायला हवं. बरं झालं म्हणायचं तरी बोलायलाच हवं." पडद्यावर तिच्या अंगठ्यानं वाळूत एक रेघ ओढली. "दादा आहे अख्खाच. फक्त त्याचा अर्धा भाग माझ्या घरी राहतो."

सरदारांनी मान वळवून आपिसाईकडे पाहिलं आणि ओंजळीनं एक टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. एतुआते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. ते तेच बूट होते.

टाळ्यांच्या आवाजानं चादरीमागे लेंदुआ दचकून उठली. समोर मोठ्ठं, पांढरं, चमकणारं काहीतरी हलत होतं. ते कुणाचं आहे हा प्रश्न तिला पडायचं कारणच नव्हतं. एतुआते मामा गाठ सांभाळत माडाशी उभा होता.

"ते," लेंदुआ बोट दाखवून म्हणाली.

"घेऊन जा बाळा," एतुआते सवयीनं म्हणाला आणि गाठ सोडली.

चादर खाली आली. समुद्राचं चित्र निसटून माडांवर गेलं, आणि त्या उजेडात, हातभर अंतरावर, समोरासमोर आपिसाई आणि तोरिका. दोघांच्याही डोळ्यांना धार लागलेली. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग रिवाज आठवला. आपिसाईनं मान आभाळाकडे वळवली, तोरिकानं जमिनीकडे.

"लेंदुआ," तोरिका जमिनीला म्हणाली, "तुझ्या आजोबांना सांग, चादर काही परत मिळायची नाही."

"माझी चादर!" उनाइसी कुठूनतरी ओरडली.

आपिसाईनं घसा खाकरला. "लेंदुआ," तो चांदण्यांना म्हणाला, "तुझ्या आजीला म्हणावं, निदान अर्धी तरी ठेवा."

लेंदुआनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग चादरीचं टोक खांद्यावर टाकलं आणि ती वाळूतून फरफटत आजीच्या घराकडे घेऊन गेली. अख्खी.